बाबागाडीचें तोंड कोणीकडे?



घरांत नवें मूल यावयाचें ठरलें म्हणजे ज्या वस्तूंविषयीं घरांतील सर्वच माणसें एकदम बोलूं लागतात, त्यांत अलीकडे बाबागाडीचा समावेश करावयास हरकत नाहीं. आजीला हा खर्च अनाठायीं वाटतो. आजोबांना गाडीचीं चाकें दाबून पाहावीशीं वाटतात. मुलाच्या आईला तिच्या वजनाची काळजी, तर बापाला तिच्या किंमतीची. दुकानांत जावें, तर विक्रेता एक गाडी उघडतो, दुसरी मिटतो, तिसरीला पाण्याची बाटली ठेवण्याची जागा कशी आहे तें दाखवितो, आणि घरीं परत येतांना मूळ प्रश्न होता तेथेंच राहतो. ज्याच्यासाठीं हा खटाटोप चालला आहे त्याला मात्र कोणी विचारीत नाहीं. आणि विचारणार तरी कसें? तें अजून जन्मावयाचें असतें.

मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. त्यामुळें कोणतीहि वस्तु हातीं आली कीं ती पूर्वीं कशी होती हें पाहण्याची मला खोड आहे. नातवंडासाठीं गाडी घेण्याची चर्चा आमच्या घरांत सुरू झाली, तेव्हांहि मीं तेंच केलें. बाबागाडीचा इतिहास फार जुना नाहीं. फार तर तीनशें वर्षांचा. परंतु तो चाळतांना एक गोष्ट पुनःपुन्हा डोळ्यांपुढें येते. या गाडींत जी जी सुधारणा झाली, तिच्या पोटांत बहुधा एकच प्रश्न दडलेला आहे: मूल आणि त्याला नेणारें माणूस, यांपैकीं कोणाची पाठ कोणाकडे असावी? चाकें, स्प्रिंगा, छत, रंग हें सर्व त्यानंतरचें.

इंग्लंडांत डर्बीशायर परगण्यांत चॅट्सवर्थ नांवाचा एक प्रचंड वाडा आहे. डेव्हनशायरच्या ड्यूकांचें तें पिढीजात घर. तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठीं १७३३ च्या सुमारास विल्यम केंट यानें एक चिमुकली गाडी तयार केली. केंट हा त्या काळचा नामांकित वास्तुशिल्पी आणि उद्यानरचनाकार. सरदारांचे प्रासाद आणि बागा आंखणाऱ्या माणसानें मुलांच्या गाडीचाहि आराखडा करावा, यांतच त्या गाडीचा हेतु उघड होतो. तिची बैठक शिंपल्याच्या आकाराची होती, आणि खालच्या सांगाड्यावर सर्प कोरलेले होते. कारण सर्प हें त्या घराण्याचें चिन्ह. पुढें शेळी किंवा लहानसें तट्टू जुंपावयाचें आणि बागेंतील वाटांवरून मुलांना फिरवावयाचें. ही गाडी अजून त्याच वाड्यांत जपून ठेविलेली आहे. ती पाहणाऱ्याला मोठी मनोहर वाटते यांत संशय नाहीं. परंतु आंत बसलेल्या बालसरदाराला समोर काय दिसत असेल? शेळीची पाठ!

पुढें हें खूळ सरदारांच्या बागांतून सुखवस्तु कुटुंबांत उतरलें. तेव्हां शेळी गेली आणि तिच्या जागीं दाई किंवा थोरलें भावंड आलें. गाडीला पुढें दांडी असे, ती धरून गाडी ओढावयाची. आतां ओढणाऱ्याची पाठ मुलाकडे झाली. मूल कलंडलें, झोपलें, किंवा त्यानें टोपडें काढून रस्त्यांत टाकलें, तरी पुढच्या माणसाला पत्ता लागावयाचा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दांडी मागें आली आणि गाडी ओढावयाच्या ऐवजीं ढकलावयाची झाली. आज ही गोष्ट आपल्याला अगदीं क्षुल्लक वाटते. परंतु बाबागाडीच्या इतिहासांत याहून मोठी क्रांति झालेली नाहीं असें माझें मत आहे. १८५३ सालीं चार्ल्स बर्टन यानें इंग्लंडांत अशा ढकलगाडीचें पेटंट घेतलें. तिला तीन चाकें होतीं आणि बैठक खुर्चीसारखी होती. दाईला आतां मूल दिसूं लागलें हें खरें. पण दिसे तो त्याच्या टोपड्याचा मागचा भाग. मुलाचें तोंड रस्त्याकडे आणि पाठ दाईकडे. म्हणजे पाठींची अदलाबदल झाली एवढेंच.

या गाडीचें नांव पडलें 'पेरँब्युलेटर'. शब्द लॅटिन वळणाचा. हिंडून-फिरून पाहणारा असा त्याचा अर्थ. गंमत अशी कीं, मुलांच्या गाडीच्या पुष्कळ आधीं हें नांव एका निराळ्याच उपकरणाचें होतें. रस्त्याची लांबी मोजण्यासाठीं मोजणीदार एक मोठें चाक दांडीनें ढकलीत नेत असत. चाकाचे फेरे मोजून अंतर काढीत. हिंदुस्थानांतील रस्त्यांच्या मोजणींतहि हें चाक वापरलें गेलें आहे. म्हणजे आपल्या देशांत पहिला पेरँब्युलेटर फिरला तो बाळाला घेऊन नव्हे, तर नकाशासाठीं. पुढें त्या शब्दावर मुलांनीं कायमचा ताबा मिळविला, आणि एवढा लांबलचक शब्द कोण उच्चारणार म्हणून त्याचें 'प्रॅम' झालें.

नव्या गाडीचें स्वागत सर्वांनीं केलें असें मात्र नाहीं. इंग्लंडांत १८३५ च्या हमरस्त्यांच्या कायद्यानें पादचाऱ्यांच्या वाटेवर गाड्या नेण्यास मनाई होती. तेव्हां मुलांची गाडी ही 'गाडी' समजावयाची कीं नाहीं, असा वाद निघाला. नडगीला चाक लागलेल्या गृहस्थांच्या तक्रारींना तर सुमार नव्हता. परंतु एक आक्षेप खरोखरच विचार करण्याजोगा होता, आणि तो होता डॉक्टरांचा. खुर्चीवजा गाडींत तान्हें मूल झोपलें म्हणजे त्याची मान एका बाजूस लटकते, हें चांगलें नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें. या आक्षेपाला उत्तर म्हणून असो वा अन्य कारणानें असो, १८७० नंतरच्या काळांत पाळण्यासारखी आडवी गाडी प्रचारांत आली, आणि अगदीं नवजात बालकहि गाडींतून हिंडूं लागलें.

पहिली गाडी निवडणाऱ्यानें येथें क्षणभर थांबावें. दीडशें वर्षांपूर्वींचा तो आक्षेप आजहि तितकाच खरा आहे. तान्ह्या मुलाची मान तीन-चार महिन्यांपर्यंत धरत नाहीं, आणि आधाराशिवाय बसावयास तें सहाव्या महिन्याच्या आगेमागें लागतें. तोंवर त्याला सपाट निजवितां येईल अशीच गाडी पाहिजे. पाठ 'जवळजवळ' सपाट होते, असें विक्रेता म्हणाला, तर त्या जवळजवळमध्यें किती अंतर आहे तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. गादी घट्ट असावी आणि कडेला फट नसावी. मऊ मऊ उशा व लोड हे मोठ्यांच्या डोळ्यांचें समाधान. तान्ह्याच्या नाकातोंडाला ते धोक्याचे.

आतां पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतों. १८८९ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकानें एक पेटंट घेतलें. त्याच्या गाडीचा पाळणा एका खास सांध्यावर बसविलेला होता. तो फिरविला कीं मुलाचें तोंड ढकलणाऱ्याकडे होई. पुन्हा फिरविला कीं रस्त्याकडे. चाकेंहि एकमेकांपासून स्वतंत्र फिरत, त्यामुळें थोड्या जागेंत गाडी वळवितां येई. गुलामगिरी संपून तेव्हां पुरतीं पंचवीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. अशा काळांत त्या समाजांतील एका माणसानें हें पेटंट मिळविलें, ही गोष्ट शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत यावयास हवी होती. मीं शिकविलेल्या एकाहि पुस्तकांत ती नव्हती. शेळीपासून येथवर प्रवासाला दीडशें वर्षें लागलीं, आणि मूल व माणूस अखेर समोरासमोर आलीं.

यानंतरचा काळ हा बाबागाडीच्या वैभवाचा. लीड्स शहरांत विल्यम विल्सन यानें १८७७ सालीं सुरू केलेला 'सिल्व्हर क्रॉस' हा कारखाना या धंद्यांत अग्रगण्य ठरला. उंच चाकें, चामडी पट्ट्यांवर झुलणारा पाळणा, घडीचें छत आणि घोड्याच्या बग्गीला शोभेल असा चकचकीत रंग, असें या गाड्यांचें रूप असे. १८९२ सालीं लंडनांत एमिली वॉर्ड या बाईंनीं 'नॉर्लंड इन्स्टिट्यूट' काढून मुलें सांभाळण्याचें रीतसर शिक्षण देण्यास आरंभ केला. केन्सिंग्टन गार्डन्समध्यें गणवेषांतील दायांच्या रांगा दिसूं लागल्या, आणि कोणाची गाडी किती भारी यावरून दायांतहि उच्चनीचभाव माजला. जेम्स बॅरी याचें 'पीटर पॅन' हें नाटक १९०४ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील हरवलेलीं मुलें हीं दाईचें लक्ष दुसरीकडे असतांना बाबागाडींतून खालीं पडलेलीं मुलें आहेत. नाटककारानें ही कल्पना आकाशांतून आणिली नाहीं. त्या काळच्या गाड्या उंच आणि उथळ होत्या. मुलाला समोर बसविलें तरी बसविणाऱ्यानें त्याच्याकडे पाहिलें पाहिजे, ही अट कोणत्याहि पेटंटांत घालतां येत नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर पाळणे खोल झाले, चाकें लहान झालीं आणि ब्रेकाकडे अधिक लक्ष गेलें.

परंतु केवळ श्रीमंतांच्या दिमाखावरून या गाडीची परीक्षा करणें अन्यायाचें होईल. ज्या घरांत दाई नव्हती त्या घरांतील स्त्रीला या गाडीनें काय दिलें? कडेवर मूल आणि हातांत पिशवी घेऊन ती किती लांब जाणार? गाडी आल्यावर ती बाजारांत गेली, बागेंत गेली, बहिणीच्या घरीं गेली. मूल झोपलें तरी तिला परत फिरावें लागेना. इंग्लंडांतील मजुरांच्या वस्तींत हप्त्यांनीं घेतलेली किंवा शेजारणीची जुनी गाडी असे. मूल मोठें झालें कीं त्याच गाडींतून कोळसा येई, धुणें जाई. शेवटीं चाकें काढून मुलें त्यांची खेळण्याची गाडी करीत. आपल्याकडे शहरांतील लहान कुटुंबांत आज जी मुलगी दिवसभर चार भिंतींत तान्ह्याबरोबर एकटी असते, तिला विचारा. संध्याकाळीं अर्धा तास बाहेर पडतां येणें ही चैनीची बाब नाहीं. आजीच्या 'अनाठायीं खर्चा'ला माझें उत्तर हें आहे. घरीं तें मीं फार मोठ्यानें देत नाहीं, एवढेंच.

उत्तर इंग्लंडांत एक समजूत होती. मूल जन्मण्यापूर्वीं रिकामी गाडी घरांत आणूं नये, तो अपशकुन. म्हणून लोक गाडी पसंत करून पैसे भरीत, आणि दुकानदार ती जन्मवार्ता येईपर्यंत आपल्याकडे ठेवून घेई. बारशाच्या आधीं पाळणा सजवूं नये, नवीं अंगडींटोपडीं शिवूं नयेत, असें म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या बायकांना ही हकीकत सांगितली, तर त्या इंग्रज बायकांविषयीं त्यांचें मत पुष्कळ सुधारेल. जेथें तान्हीं मुलें फार दगावत, तेथें तेथें अशी रीत पडली असावी.

युद्धांनीं या गाडीला निराळेंच रूप दिलें. १९३८ सालीं, दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीं, केंट परगण्यांतील हेक्स्टेबल या गांवीं विषारी वायूपासून बचाव करणारी एक बाबागाडी करण्यांत आली. तिचें छायाचित्र उपलब्ध आहे. सर्व बाजूंनीं बंद पेटी, वर एक लहान कांच, आणि ढकलणाऱ्या बाईच्या तोंडावर वायूचा मुखवटा. मूल आणि माणूस समोरासमोर आहेत, पण एकमेकांचें तोंड पाहण्याची सोय नाहीं. १९४० सालीं जर्मन फौजा पॅरिसच्या रोखानें निघाल्या, तेव्हां फ्रान्सच्या रस्त्यांवरून निर्वासितांच्या ज्या रांगा चालल्या त्यांतहि बाबागाड्या होत्या. कांहींत मुलें होतीं. कांहींत घरांतून उचलतां आलें तेवढें सामान.

आपल्या देशांत ही गाडी साहेबांच्या बंगल्यांतून आली. साहेबाच्या मुलाला नोकरचाकर 'बाबा' म्हणत, आया त्याला गाडींतून फिरवी, त्यावरून मराठींत 'बाबागाडी' हा शब्द रूढ झाला असें मला वाटतें. शब्द इतका सोपा आणि गोड कीं तो कोणाला परका वाटत नाहीं. याचा अर्थ मुलांसाठीं चाकांची वस्तु आपल्याला ठाऊक नव्हती असा नाहीं. आपला पांगुळगाडा आठवा. तीन लांकडी चाकें, धरावयास आडवी दांडी, आणि तो ढकलणारें मूल! त्यांच्या गाडींत मूल निजतें आणि मोठें माणूस चालतें. आपल्या गाड्यानें मूलच चालूं लागतें. निजण्यासाठीं आपल्याकडे पाळणा होता, झोळी होती, आणि फिरण्यासाठीं कडेवरची जागा. त्या जागेचें एक वैशिष्ट्य लक्षांत घ्या. कडेवरचें मूल मान वळवून रस्ता पाहतें, आणि भ्यालें तर त्याच मानेनें क्षणांत आईच्या खांद्यावर तोंड लपवितें. रिचर्डसनला जें साधावयास सांधा करावा लागला, तें कडेवर आपोआप साधत होतें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोटारी आल्या, लहान घरें आलीं, आणि ती बग्गीसारखी अवजड प्रॅम अडगळ होऊन बसली. ओवेन मॅक्लॅरेन हा विमानविद्येंतला इंजिनियर. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेंत त्याचा हात होता. निवृत्तीनंतर नातवंडाची जड गाडी पाहून त्याच्या मनांत आलें कीं, विमानाचीं चाकें जर पोटांत घडी होऊन बसतात, तर बाबागाडी कां मिटूं नये? त्यानें ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी केली. तिचें वजन अवघें सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास. पेटंट १९६५ सालचें; दोन वर्षांनीं गाडी बाजारांत आली आणि आईच्या खांद्याला अडकवून बसमध्यें चढूं लागली. आजोबांनीं लावलेल्या शोधांत याहून उपयुक्त शोध मला तरी ठाऊक नाहीं. तथापि या हलकेपणासाठीं एक किंमत मोजली गेली. गाडी मिटावयाची तर पाळणा फिरविण्याचा सांधा नको. म्हणून मुलाचें तोंड पुन्हा रस्त्याकडे झालें. बर्टनच्या तीनचाकी गाडीनंतर शंभरावर वर्षांनीं आपण फिरून त्याच जागीं आलों. आणखी एक गोष्ट: २००९ सालीं अमेरिकेंत या बनावटीच्या सुमारें दहा लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावण्यांत आल्या, कारण उघडतां-मिटतांना बिजागरींत सांपडून मुलांच्या बोटांचीं टोकें तुटल्याच्या घटना घडल्या होत्या. म्हणून मिटणारी कोणतीहि गाडी घेतांना बिजागरी झांकलेली आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि गाडी उघडतांना मूल हाताच्या अंतरावर असूं नये.

तोंड रस्त्याकडे झालें तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. २००८ सालीं स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनीं या प्रश्नाचा छडा लावण्याचा यत्न केला. ब्रिटनमधील रस्त्यांवर २,७२२ मुलें व त्यांना नेणारीं माणसें यांचें निरीक्षण करण्यांत आलें. मूल समोर असतांना मोठीं माणसें त्याच्याशीं जवळजवळ दुपटीनें बोलतात, असें दिसून आलें. शिवाय २० मुलांना कांहीं अंतर एका तऱ्हेनें आणि कांहीं अंतर दुसऱ्या तऱ्हेनें नेऊन पाहिलें, तेव्हां आईकडे तोंड असतांना निम्मीं मुलें हंसलीं. रस्त्याकडे तोंड असतांना हंसलें तें फक्त एक. वीस मुलें म्हणजे फार मोठी संख्या नव्हे, आणि अशा प्रयोगावरून एकदम मोठे सिद्धांत काढूं नयेत, हें मी जाणतों. परंतु बोलणें दुप्पट होतें ही गोष्ट माझ्यासारख्या मास्तराला पुरेशी आहे. भाषा शाळेंत सुरू होत नाहीं. ती आमच्याकडे येते तेव्हां पांच-सहा वर्षांची झालेली असते.

आपल्या हवेचा एक मुद्दा राहिला. ऊन लागूं नये म्हणून गाडीवर पांघरूण टाकण्याची संवय सर्वत्र आहे. स्वीडनमध्यें २०१४ सालीं एका वृत्तपत्रानें उन्हांत बाबागाडी ठेवून आंतील तापमान मोजलें. उघड्या गाडींत २२ अंश. पातळ कापड टाकल्यावर अर्ध्या तासांत ३४, आणि तासाभरांत ३७. ही स्वीडनची कथा. आपल्या वैशाखांत काय होईल तें निराळें सांगावयास नको. २०२३ सालीं सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, कोरडें मलमल टाकल्यास गाडी अधिक तापते, पण तेंच मलमल ओलें करून जोडीला लहानसा पंखा लावला तर ती बाहेरच्यापेक्षां पांच अंशांच्या जवळपास थंड राहते. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडणाऱ्या आपल्या लोकांना यांत नवल वाटूं नये. मात्र हा प्रयोग जेथें झाला तेथील हवा कोरडी धरली पाहिजे. मुंबईच्या दमट हवेंत ओल्या कापडावर फार भिस्त ठेवूं नये, आणि सावली व मोकळा वारा यांवरच भागवावें.

आतां दुकानांत जाऊं. आयझेनस्टाइनच्या १९२५ सालच्या 'बॅटलशिप पोटेम्किन' या चित्रपटांत ओडेसाच्या पायऱ्यांवरून घरंगळत जाणारी बाबागाडी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ब्रेकाचें महत्त्व सांगावें लागणार नाहीं. ब्रेक लावून गाडी उतारावर ढकलून पाहावी. बसतें मूल असेल तर खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणारा पांच टोकांचा पट्टा असावा. दांडीला पिशव्या अडकवूं नयेत. रिकामी गाडी त्या भारानें मागें उलटते, आणि हलक्या मुलासकटहि उलटते. आपल्या इमारतीच्या लिफ्टचें दार किती रुंद आहे तें घरूनच मोजून न्यावें. गाडीचा पाळणा दोन्हीं बाजूंस फिरत असेल तर थोडे अधिक पैसे देण्यास हरकत नाहीं. तेवढ्यासाठीं रंगाचा आणि नांवाचा मोह सोडावा. आणि एक परीक्षा अवश्य करावी. घरून पांच किलो तांदळाची पिशवी बरोबर न्यावी, ती गाडींत ठेवावी, आणि एका हातानें गाडी दुकानाच्या उंबऱ्यावरून बाहेर काढून पदपथावर वीस पावलें न्यावी. मग पिशवी काढून गाडी मिटावी आणि मुलाच्या आईनें ती स्वतः उचलून एक जिना चढावा. विक्रेता हंसेल. त्याला हंसूं द्यावें.